अक्तीच्या दिवशी ठेवलेला पैसा

माझी धाकटी जाऊ चांगली आहे, असं सगळे म्हणतात. रायपुरातली अर्धीअधिक मराठी घरं म्हणतात, हळदीकुंकवाला जमणाऱ्या बाया म्हणतात, माझे स्वतःचे पोट्टे म्हणतात. म्हणू देत बाप्पा! चारचौघांत मीही म्हणते. पण टीव्हीवर बातम्यांत व्याजदराचं काही निघालं, की आजही माझ्या पोटात दुखायला लागतं, आणि ते दुखणं सरळ तिच्याच नावाचं असतं.

व्याजदराचा आणि जावेचा काय संबंध, असं कोणी विचारेल. तर सांगते, आणि पहिल्यापासून सांगते, कारण यात माझं घर गेलं.

सासऱ्यांच्या नावाची भंडाऱ्याकडे रस्त्याला लागून एक जागा होती. छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झाली, त्याच सुमारास ती जागा विकली गेली. दोघा भावांना सारखा वाटा मिळाला. सारखा म्हणजे अगदी रुपयाला रुपया. एका बँकेत, एकाच दिवशी, एकाच काउंटरवर आम्ही दोघी जावा उभ्या होतो. तिला जास्त मिळालं असतं तर मी दैवाला दोष देऊन गप्प बसले असते. पण सुरुवात सारखी आणि पुढे एकीचं असं अन् दुसरीचं तसं, हे माणसाला गिळवत नाही. मला तरी नाही गिळवत.

आमचे हे रेल्वेत होते. गुढियारीच्या बाजूला आमचं क्वार्टर. मालगाड्यांचे डबे दिवसभर एकमेकांवर आदळायचे आणि फळीवरची भांडी आपोआप पुढे सरकायची. धाकटा दीर सरकारी दफ्तरात, तात्यापाऱ्यात भाड्याने राहायचा. सासूबाई आमच्याकडे होत्या. मला एकच पाहिजे होतं, स्वतःचं घर, आणि तेही यांच्या रिटायरमेंटच्या आधी. रिटायर झालं की क्वार्टर सोडावंच लागतं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पिवळ्या भिंती बघत होते. एक खिळा ठोकायचा तरी हे म्हणायचे, "सरकारी भिंत आहे, जपून." मला माझी भिंत पाहिजे होती, जिच्यात मी वाट्टेल तिथे खिळा ठोकीन, आणि माझं दार, ज्याच्यावर आमच्या आडनावाची पाटी राहील. वाट्याचा पैसा त्यासाठीच होता. तो वाढेल, त्यात रिटायरमेंटचा पैसा पडेल आणि घर होईल, असा सरळ हिशेब होता माझा.

आता त्या पैशाचं करायचं काय, हे सासूबाईंनी ठरवलं. त्यांचा नेम असा, की घरात नवीन काही यायचं ते अक्षय तृतीयेला. इथले लोक अक्ती म्हणतात, मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. सासूबाई त्या दिवशी सदर बाजारातून गुंजभर तरी सोनं घ्यायच्या, ते नाही जमलं तर गोल बाजारातून एखादी पितळी वाटी. त्यांचं म्हणणं, या दिवशी ठेवलेलं कधी कमी होत नाही. मग पैसा दुसऱ्या कोणत्या दिवशी ठेवायचा? मी अख्खा वाटा अक्तीच्या दिवशी एक वर्षाच्या मुदतीने ठेवला. एकच वर्ष, कारण प्लॉट चांगला दिसला तर पैसा हाताशी पाहिजे. व्याज तेव्हा दोन आकडी होतं. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

धाकटीने त्या दिवशी सासूबाईंचा मान राखायला एक छोटासा तुकडा ठेवला, बस. बाकी पैसा घेऊन ती घरी गेली. मी यांना म्हटलं, "पाहा, हिले आईची काही पर्वा नाही. ही उडवते आता सगळं."

तिने काही उडवलं नाही. पुढे कळलं, की तिने पैशाचे चांगले पाच-सहा तुकडे केले आणि वर्षभरात वेगवेगळ्या दिवशी ठेवले. कोणता वर्षाचा, कोणता दोन-तीन वर्षांचा, कोणता पार पाच वर्षांचा. मी मनात म्हटलं, ही बाई मोठी धांदरट आहे, एवढ्या पावत्या सांभाळणार कोण?

पुढच्या अक्तीला मी बँकेत गेले, तर व्याज कमी. त्याच्या पुढच्या अक्तीला आणखी कमी. वरून तिथीची भानगड! अक्ती काही तारखेने येत नाही. एखाद्या वर्षी ती आधीच यायची आणि माझी मुदत संपायला दहा-अकरा दिवस बाकी असायचे. मग मी मुदत मोडायची, दंड भरायची आणि अक्तीला परत ठेवायची. अधिक महिना आला की अक्ती लांबायची, तेव्हा पैसा बिनकामाचा बचत खात्यात पडून राहायचा, मुहूर्ताची वाट पाहत. काउंटरवर एक छत्तीसगडी बाई होती, सगळे तिला दीदी म्हणायचे. ती पहिल्या वर्षी हसली, दुसऱ्या वर्षी कपाळावर हात मारला. "आंटीजी, ग्यारह दिन रुक जातीं तो पूरा ब्याज मिलता!"

"अक्ती रुकती है क्या?" मी म्हटलं.

तिने हव, म्हणजे हो, म्हटलं आणि शिक्का मारला. ती पण इथलीच, तिच्याही घरी अक्ती होतीच की.

एकदा हळदीकुंकवाला धाकटी सहज बोलून गेली, की तिच्या एका तुकड्याला अजून ते जुनंच दोन आकडी व्याज मिळून राहिलं. झालं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं वाण तसंच टाकून मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत. "एकच बँक, एकच घर, तिले जास्त अन् मले कमी काहून?" मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. दीदीने मला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. सगळ्या बँकांच्या वर एक बँक मुंबईत बसते. ती दर खाली आणते, तशा बाकीच्या बँका मागेमागे व्याज खाली आणतात. पण तुम्ही ज्या दिवशी पैसा ठेवला त्या दिवशीचं व्याज मुदतभर बांधलेलं असतं, त्याला कोणी हात लावत नाही. धाकटीचा लांबचा तुकडा जुन्या दराने बांधलेला होता. माझा पैसा दर वर्षी सुटायचा आणि दर वर्षी नव्या, खालच्या दराने बांधला जायचा. आणि सगळाच्या सगळा एकाच दिवशी.

त्या दिवसापासून मी त्या मुंबईच्या बँकेचं नाव थोरली बँक ठेवलं आणि तिच्या मागे लागले. हिंदी पेपरात कुठल्या कोपऱ्यात तिचं काही आलं की मी कापून ठेवायची. बातम्यांत गव्हर्नर बोलायला लागले, की मी पोळी तव्यावर सोडून बाहेर यायची. पोट्टे हसायचे, "आई को रेपो रेट हो गया है." हसा, म्हटलं. ती थोरली बँक एक शब्द बोलते आणि सगळ्या धाकट्या बँका मुकाट्याने ऐकतात. आमच्या घरातली थोरली बोलते, तर कोण ऐकते?

आणि माझी पक्की खात्री झाली, की धाकटीला कोणीतरी आतून सांगते. दिराच्या दफ्तरात भोपाळहून आलेले मोठमोठे साहेब होते. मंत्रालय तेव्हा जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरायचं आणि लाल दिव्यांच्या गाड्या तिथून अख्ख्या शहरभर फिरायच्या. असेल त्यातला एखादा साहेब. नाहीतर एका साध्या बाईला कसं कळलं, की व्याज पडणार आहे, आताच लांबचं बांधून घ्या?

वर तिची आणखी एक खोड होती. दर वर्षी पोळ्याच्या आगेमागे, श्रावण-भादव्यात कधीतरी, ती रिक्षा करून आमच्याकडे यायची आणि माझ्यापुढे एक साडी ठेवायची. "सहजच आणली, ताई. रंग तुमच्यावर खुलून दिसते." गोल बाजारातली चांगली सुती साडी. मी हसून घ्यायची आणि ती गेली की पेटीत तळाशी टाकायची. सहज म्हणे! व्याज जास्त आलं ते दाखवायले येते, दुसरं काय. यांनी एकदा म्हटलं, "नेस ना वं, चांगली आहे." मी यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी परत साडीचं नाव काढलं नाही.

थोडी वर्षं अशी गेली आणि थोरल्या बँकेने दर पार तळाला आणून ठेवले. माझं व्याज इतकं कमी झालं, की सासूबाईंच्या औषधांपुढे ते दिसायचं पण नाही. आणि नेमकं तेव्हा धाकटीने घर घेतलं.

तिने घर घेतलं आणि मी नाही! टिकरापाऱ्याच्या पुढे, नव्या कॉलनीत. वरचा मजला पण बांधलेला. तिच्या तुकड्यांपैकी एक-दोन सुटले होते, ते तिने आधी भरले आणि बाकीचं कर्ज काढलं. ऐकलं तेव्हा मी कणीक मळत होते. ती कणीक मी इतकी मळली, की पोळ्या रबरासारख्या झाल्या.

वास्तूला गेले. न जाऊन सांगते कोणाला? घरातली थोरली सवाष्ण म्हणून तिने पाण्याचा कलश माझ्या हातात दिला. माझ्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि म्हणाली, "ताई, तुमी आधी पाय ठेवा." जे घर माझ्या डोळ्यात खुपत होतं, त्याचा उंबरा मीच पहिला ओलांडला, डोक्याला पदर आणि हातात भरला कलश घेऊन. आत गेले आणि एकेक खोट काढत फिरले. ओटा बुटका आहे. खिडकी पश्चिमेला काहून ठेवली? वर जायचा जिना बाहेरून कशाला, चोरांसाठी? ती प्रत्येक गोष्टीला "हो जी ताई, चुकलंच" म्हणत गेली. भिंतीत मात्र जागोजागी खिळे ठोकलेले होते. तसबिरी, कॅलेंडर, किल्ल्या, सगळं टांगलेलं. ते खिळे बघून मला खरंच रडायला आलं आणि मी धुराचं निमित्त केलं.

परत येताना मी यांना सांगितलं, "समजलं मले. लांबच्या मुदतीत जादू आहे. पाच वर्षांचा तुकडा होता तिचा, त्यातूनच घर झालं."

"तुले जे बरं वाटते ते कर," हे म्हणाले. यांचं उत्तर जन्मभर हेच राहिलं.

पुढच्या अक्तीला मी अख्खा पैसा पाच वर्षांसाठी ठेवला. दीदी म्हणाली, "आंटीजी, अभी ब्याज सबसे नीचे है. थोड़ा लंबा रखिए, थोड़ा छोटा. सब एक साथ मत बांधिए." मी म्हटलं, "आपको जितना बोला उतना कीजिए." मनात म्हटलं, आली मोठी शहाणी. एवढी वर्षं धाकटीच्या तुकड्यांवर शिक्के मारलेस तेव्हा बरी गप्प होतीस! तिने शिक्का मारला आणि मी ताठ मानेने बाहेर पडले. आता मीही लांबचं बांधलं होतं. आता बघू, म्हटलं.

बघितलं. वर्ष-दीड वर्षात थोरली बँक वळली आणि दर वर चढायला लागले.

काय सांगू माझा जळफळाट! मी तळाला कुलूप लावून बसले होते आणि बाहेर सगळं वर चाललं होतं. धाकटीचे तुकडे एकामागून एक सुटत आणि प्रत्येक नवा तुकडा आधीच्यापेक्षा जास्त व्याज खायचा. एक मात्र आशा होती. तिचं कर्ज बदलत्या दराचं होतं. दर चढले म्हणजे तिचाही हप्ता चढणार. पेपरात आलं, की घराची कर्जं महागली. तो पेपर मी दोनदा वाचला आणि चहात एक चमचा साखर जास्त टाकली. चांगलं झालं, भरू दे आता. म्हणून मुद्दाम तिच्याकडे गेले, चेहरा पडलेला बघायला. तर ही मजेत. आता सुटणारे तुकडे परत ठेवायच्याऐवजी ती कर्जातच भरून राहिली होती. "कर्जाचं व्याज ठेवीच्या वर गेलं, ताई. मग ठेवून काय करू? त्यापेक्षा ते ओझं कमी." तिचा हप्ता होता तिथेच राहिला. मी तिने दिलेला चहा अर्धा टाकून उठले.

घरी येऊन विचार केला, आपणही मोडावी का ठेव? दीदीला विचारलं. तिने हिशेब करून सांगितलं, की दंड भरूनही आता परवडते, दर बरेच वर गेले आहेत आणि मुदत बरीच बाकी आहे. आता मोडा. मी म्हटलं, बरं, अक्तीला येते. अक्तीला तेव्हा सहा-सात महिने होते. मोडणं एकवेळ कधीही चालेल, पण परत ठेवायची ती अक्तीलाच. अक्तीपर्यंत सासूबाई गेल्या. त्या वर्षी सण नाही, मुहूर्त नाही, नवीन काही नाही. मी थांबले. त्याच्या पुढच्या अक्तीला दीदीने मान हलवली. आता मुदत फार उरली नाही, दंडातच सगळं जाईल.

आणि यांचं रिटायरमेंट आलं.

तेव्हा मला कळलं, की मी एवढी वर्षं थोरल्या बँकेचं अर्धंच बोलणं ऐकलं. दर तळाला होते तेव्हा ठेवणाऱ्याचं नुकसान होतं, हे मला पाठ होतं. पण तेच दर घेणाऱ्यासाठी सोन्यासारखे होते, तिकडे मी पाहिलंच नाही. यांची नोकरी बाकी होती, पगार होता, बँकेने हसत कर्ज दिलं असतं. प्लॉटही तेव्हा आवाक्यात होते. आता नोकरी संपली, लांबचं कर्ज कोणी देईना. नव्या राजधानीच्या नावाने जमिनींचे भाव असे वर गेले, की आमच्या वाट्यात आणि फंडात मिळून दोन खोल्याही बसेनात. ज्या प्लॉटला मी एका काळी "फार दूर आहे, तिथे कोण राहते" म्हटलं होतं, त्याच्यावर दुमजली दुकानं उभी होती. कपाळ माझं!

क्वार्टर रिकामं करायची तारीख जवळ आली. पोट्टे बाहेरगावी नोकरीला. भंडाऱ्याला आता काहीच नव्हतं. आणि एक दिवस धाकटी येऊन म्हणाली, "ताई, वरचा मजला खाली करून घेतला. भाडेकरू गेले. तुमी या."

मी नाही म्हटलं. हे हो म्हणाले. जन्मात पहिल्यांदा यांनी मला विचारलं नाही.

भाडं देईन तरच येईन, अशी अट मी घातली. वाटलं, ती नको नको म्हणेल आणि मी जोर करून देईन, तेवढा तरी मान राहील. ती म्हणाली, "बरं, ताई." आणि घेतलं. त्याचाही मला राग आला. बाहेरच्या ज्या जिन्याला मी नावं ठेवली होती, त्याच जिन्याने आमचं सामान वर गेलं.

त्या उन्हाळ्यात गच्चीवर आम्ही दोघी कुरड्या घालत होतो. ऊन असं, की कापडाखालची फरशी पायाला चटके द्यायची. दुसरं कोणी नव्हतं. मी सोऱ्या दाबता दाबता एकदाचं विचारलंच. एवढी वर्षं पोटात होतं ते.

"तुले कोण सांगत होतं वं?"

"काय, ताई?"

"व्याज कधी पडते, कधी चढते. कोणता साहेब? आता तरी सांग, आता माहं काय राहिलं?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग हसायला लागली, इतकी की हातातलं चिकाचं भांडं खाली ठेवावं लागलं. "अवं ताई, मले काय समजते त्यातलं! मी तर वाढदिवसाले ठेवतो."

"म्हणजे?"

"घरातल्या एकेकाच्या वाढदिवसाले एकेक तुकडा. सगळं एकाच दिवशी ठेवायचं मले भ्याव वाटे. त्याच दिवशी काही उलटं झालं तं? लेकराचे लांबचे ठेवले, ते मोठे होईपर्यंत राहावे म्हणून. आपले जवळचे. ज्याचा वाढदिवस आला त्याचं व्याज निघते, त्यातून त्याले कपडे, थोडं गोडधोड, बाकी परत ठेवून देतो. अन् घर काय, या राजधानीच्या पायी घरमालकानं भाडं इतकं वाढवलं, का हप्ता अन् भाडं सारखंच होऊन राहिलं होतं. म्हणून घेतलं."

बस. एवढंच होतं. कोणी साहेब नव्हता, कोणती आतली बातमी नव्हती. मी पेपर कापले, पोळ्या करपवल्या, गव्हर्नरांचा चेहरा मला माझ्या भावापेक्षा जास्त ओळखीचा झाला. आणि हिने लेकरांचे वाढदिवस साजरे केले आणि जिंकली. जिंकली तरी कसं म्हणू? शर्यत आहे हेच तिला माहीत नव्हतं. मी एकटीच धावत होते. त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा वास्तूच्या दिवशीही वाटला नव्हता. हिला कधीच कोणाचं काही डोळ्यात खुपलं नाही. हे मला कुठून मिळणार होतं?

"मी तं म्हणलं, तुमाले माहीत आहे," ती म्हणाली. "तुमचाही तुकडा आहे ना त्याच्यात. साडी आणत होतो ना मी."

माझी जन्मतारीख मलाच नीट माहीत नाही. आई म्हणायची, पोळ्याच्या आगेमागे झालीस. शाळेत गुरुजींनी अंदाजाने एक तारीख टाकून दिली. सासरी ती कोणी विचारली नाही, मी कोणाला सांगितली नाही. हिने ती कधी, कोणाकडून काढली कोण जाणे. दर वर्षी त्या तारखेला हिचा एक तुकडा सुटत होता आणि त्याच्या व्याजाची साडी माझ्या पेटीच्या तळाशी जाऊन पडत होती.

मी सोऱ्या दाबत राहिले. त्या दिवशीच्या कुरड्या सगळ्या वाकड्यातिकड्या झाल्या.

माझी पाच वर्षांची ठेव सुटली तेव्हा थोरली बँक परत खाली वळली होती. चढ अख्खा संपल्यावर मी बाहेर पडले. माझं नशीबच तसं, त्याचं आता नवल वाटत नाही. घर काही होणार नव्हतं, ते मी सोडून दिलं होतं. पण पैसा तर ठेवायचाच. मी दीदीसमोर बसले आणि म्हटलं, तुकडे करा. एक आज, छोटा. बाकी यांच्या वाढदिवसाला, पोट्ट्यांच्या, तारखेप्रमाणे. कोणता लांबचा, कोणता जवळचा. अक्ती बिक्ती काही नाही. दीदीने चष्म्यावरून पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"और ये एक बचा," ती म्हणाली. "ये किसके नाम से?"

मला सांगायचं होतं, माझ्या जावेच्या वाढदिवसाला ठेवा. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, तारीख मला माहीत नाही. एका घरात लग्न होऊन आलो, तिचे केस पांढरे झाले, मी तिच्या डोक्यावर राहायला आले आणि मला तिच्या वाढदिवसाचा महिनासुद्धा माहीत नव्हता.

तशीच घरी आले. बाहेरच्या जिन्याने वर न जाता तिच्या दारात गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. मी दारातूनच, जरा घुश्श्यातच विचारलं. माझा आवाज तसाच आहे, काय करू.

"तुहा वाढदिवस कवा असते वं?"

"काल होता, ताई," ती म्हणाली. तिने ताट बाजूला सरकवून मला बसायला जागा केली. "काहून जी?"

काल दुपारी तिने श्रीखंडाची वाटी वर पाठवली होती. मी ती फ्रिजमध्ये ढकलली होती आणि यांना म्हटलं होतं, एवढं काय उतू चाललं हिचं.

तो तुकडा अजून बचत खात्यात पडून आहे, तिच्या तारखेची वाट पाहत. दीदी चिडली, म्हणाली, दर अजून पडणार आहेत, आंटीजी, आज बांधून टाका, वर्षभर थांबलात तर नुकसान होईल. होईल. मला आता समजते तेवढं. मी म्हटलं, राहू द्या. आणि घरी येऊन पेटीच्या तळातून एक साडी काढली आणि नेसले.